देवडोहाचा उपसा

सोमवार, १८ एप्रिल १९२१. बुलढाणा.

अमरावतीहून संपादकांचे कार्ड आले. देऊळघाटला पैनगंगेचा डोह आटला आहे, दुष्काळी कामावर त्यातला गाळ काढताना जुन्या वस्तू निघत आहेत, 'आपण संस्कृतज्ञ आहात, जाऊन पाहावे.' माझे संस्कृत आमच्या साप्ताहिकाला दोनच वेळी आठवते. कुठे शिलालेख सापडला तर, किंवा श्राद्धाच्या तिथीवरून वाद पेटला तर. एरवी मी सरकीचा बाजार आणि पटकीचे आकडे कळवतो.

तहसीलदारांनीही निघालेल्या वस्तूंची यादी करून द्यायला सांगितले आहे. आमच्या सौ. अन्नपूर्णाबाईंना हे पसंत नाही.

"नदीत सोडलेलं पुन्हा मोजायचं कशाला?"

"मोजल्याशिवाय शास्त्र होत नाही."

"मग शास्त्राला म्हणावं आधी आपली विहीर मोज."

विहिरीत हातभर पाणी आहे.

बुधवार, २० एप्रिल. देऊळघाट.

शेषराव पाटलांकडे उतरलो आहे. भला माणूस. माझ्यासाठी त्याने खाटेवर नवी सतरंजी टाकली आणि दोनदा विचारले की संस्कृतमध्ये विंचवावर काही आहे का.

गावात याला देवडोह म्हणतात. आजवर कोणी त्याचा तळ पाहिलेला नव्हता. आता ती एक मोठी भेगाळलेली परात झाली आहे आणि तिच्यात दीडशे माणसे टोपल्या घेऊन उतरली आहेत. पुरुष खणतात, बाया गाळ वाहतात.

डोहाचे थर पोथीच्या पानांसारखे आहेत, फक्त शेवटचे पान वर. वरच्या हातभर गाळात तीन वर्षांपूर्वी मानमोडीच्या तापाच्या साथीत गेलेल्यांचे सामान: बांगड्यांचे तुकडे, लहान पायांतले वाळे, पाळण्यावरचा लाकडी राघू. त्याखाली मोठ्या दुष्काळाचे साल. तिथे नुसते टाक. चांदीचे, तांब्याचे, पितळेचे, बोटभर पत्र्यावर ठोकलेले खंडोबा आणि भवान्या. घर बसले, पूजेला पुरुष उरला नाही, की शेजारी येतात आणि त्या घरचे देव उचलून डोहात सोडतात. एका टोपलीत सतरा निघाले. त्याच्याही खाली जुने काही असणार. मला उत्सुकता त्याची आहे. वरचे अलीकडचे, त्यात काही विशेष नाही.

शुक्रवार, २२ एप्रिल.

एक तलवार निघाली. मूठ गेलेली, पाते मध्यावर वाकवून दुहेरी केलेले. गंजाने नव्हे, मुद्दाम. जवळच तांब्याचा गडू, बुडाला खिळ्याने पाडलेले भोक. मग मी कालच्या टोपल्या पुन्हा पाहिल्या. सतरापैकी चौदा टाकांचे कोपरे दुमडलेले. हा माझा शोध आहे आणि तो मी नम्रपणे येथे नोंदवून ठेवतो: नदीला दिलेली वस्तू देण्याआधी मोडत असत.

शेषरावांना सांगितले.

"मोडत काऊन असतीन?"

"कोणी परत काढून वापरू नये म्हणून."

शेषरावांनी दीडशे माणसांकडे पाहिले. "मंग आपुन काय करून राह्यलो, शास्त्रीबुवा?"

हे वाक्य मी संपादकांना कळवणार नाही.

सोमवार, २५ एप्रिल.

आज दुपारी गंमत झाली.

विमल नावाची बावीस-तेवीस वर्षांची बाई सासूबरोबर कामावर येते. तिच्या टोपलीत गाळाबरोबर तांब्याची एक डबी आली. तिने ती पाहिली, अंगठ्याने पुसली आणि पुन्हा गाळात दाबून टोपली डोक्यावर घेतली. या लोकांना वस्तूची पारख नसते ती अशी. मी हाक मारून टोपली खाली ठेवायला लावली.

"काई नाही जी त्यात. डबी आहे नुसती."

"नुसत्या डबीतच काहीतरी असते, बाई."

आत फेट्याच्या तुकड्यात गुंडाळलेले तीन टाक. खंडोबा, भवानी आणि एक घोडेस्वार. एकाचाही कोपरा दुमडलेला नाही. तेवढ्यात तिची सासू रुखमाबाई आली. तिने फेट्याचे फडके पाहिले आणि ती चिखलात खाली बसली.

हकिकत शेषरावांनी सांगितली. रुखमाबाईचा एकुलता एक मुलगा कडूबा. लढाईत खेचरांच्या पलटणीबरोबर सोळा साली गेला. बसऱ्याहून दोन पत्रे आली, सतरा सालच्या पावसाळ्यापासून काही नाही. दोन वर्षे वाट पाहून पंचांनी सांगितले, बाई, आता गेला असे समज. तिने देव सोडले. विमलच्या बांगड्या उतरवल्या. आणि सहा महिन्यांपूर्वी तिनेच सुनेसाठी स्थळ पाहिले: पिंपळगाव राजाचे भगवानराव, बायको मेलेली, एक लहान मुलगी, माणूस सरळ. वैशाख वद्य पंचमीला पाट लागायचा आहे. "पोरीचं आयुष्य काऊन सडवू?" असे ती पंचांपुढे म्हणाली. हे ऐकून मला तिच्याविषयी आदर वाटला.

ती फडके हातात घेऊन म्हणाली, "शास्त्रीबुवा, हे वापस काऊन आले?"

ऊन भयंकर. बायांच्या डोळ्यांना पदर लागलेले. मला वाटले, हे जरा हलके करावे. म्हटले, "विसर्जनाच्या मंत्रात आपण देवाला 'पुन्हा या' असेच म्हणतो. बाकीचे देव कोणाचे ऐकत नाहीत, तुमचे आज्ञाधारक दिसतात. देव आले, आता मागोमाग मालकही येईल."

लोक हसले. शेषराव तर टोपलीवर हात मारून हसले. रुखमाबाई हसली नाही, पण तिचा चेहरा असा उघडला की मला फार बरे वाटले. यादीत त्या नोंदीपुढे 'मालक सापडला' असे लिहून टाक तिच्या हवाली केले. तहसीलदार त्याबद्दल काही बोलणार नाहीत.

विमल हसली नाही. तिला मंत्राचा अर्थ कळला नसावा.

सोमवार, २ मे. बुलढाणा.

लेख लिहून पाठवला. मथळा 'आज्ञाधारक देव'. थरांची हकिकत, वाकवलेली तलवार, शेवटी रुखमाबाईचा प्रसंग, गावाच्या आणि माणसांच्या नावानिशी. शेवट चांगला साधला आहे.

सौ.ला वाचून दाखवला. ऐकून घेतल्यावर तिने विचारले, "आपल्यामागे आपले देव कोण सोडणार?"

म्हटले, "आपले देव स्वतःच्या पायांनी जातील. पंचवीस वर्षे माझी पूजा सोसून त्यांची तयारी झाली आहे."

पूर्वी अशा बोलण्यावर ती हसत असे. उन्हाळा फार आहे.

गुरुवार, १२ मे.

अंक आला. वकीलमंडळींत लेखाचे कौतुक झाले. एकाने शेवटचा परिच्छेद मोठ्याने वाचला. सौ. मात्र म्हणाली, "तुमची थट्टा कळायला माणूस पोटभर जेवलेलं लागतं." वाक्य चांगले आहे. कुठेतरी वापरीन.

मंगळवार, १७ मे.

शेषराव पाटील आले. पाणी प्यायले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"शास्त्रीबुवा, तुमच्या पेपरानं मोठा घोळ केला."

"कसला?"

"रुखमाबाईनं पाट मोडला. म्हने, देव आले, माहा कडूबा येऊन राह्यला. शास्त्रीबुवानं शास्त्र सांगतलं."

"अहो, मी थट्टा केली."

"मले मालूम आहे. मी हसलो ना. पर ती म्हन्ते, मंत्राचा अर्थ सांगून कोनी थट्टा करते का? अन् वरून छापून आलं. चावडीत वाचलं आमी. छापलेलं खोटं असन कसं, असं अर्धं गाव म्हन्ते."

"आणि पिंपळगावचे?"

"त्यायच्याकडे बी तो अंक पोचला. भगवानराव म्हन्ते, नवरा जिता असन तर मी पाट लावून पाप काऊन घेऊ."

मी विचारले, विमल काय म्हणते. शेषराव माझ्याकडे बघत राहिले. "तिले कोन इचारते?"

पंचमीला नऊ दिवस आहेत.

बुधवार, १८ मे. देऊळघाट.

सकाळीच निघालो. रुखमाबाईच्या घरी कोनाड्यात तिन्ही टाक चिंचेने घासून लख्ख ठेवले होते. मला बसायला पाट दिला. गूळपाणी आणले ते विमलने. तिच्या हातांत हिरव्या बांगड्या होत्या, नव्या.

मी सरळच सांगितले. "रुखमाबाई, मी त्या दिवशी थट्टा केली होती. मंत्रात तसे आहे, पण त्याचा अर्थ माणसे परत येतात असा नव्हे."

ती हसली. मायेने हसली, जसे लहान मुलाच्या लाजण्याला हसतात.

"तुमाले गावात कोनी बोललं असन, शास्त्रीबुवा. घाबरू नका."

"कोणी बोलले नाही. मीच चुकलो."

"देवाच्या नावानं थट्टा करन का शिकलेला मानूस?"

याला उत्तर आहे, पण ते उत्तर मीच असल्यामुळे मोठ्याने देता येईना. तीन हजार श्लोक पाठ केलेला माणूस त्या पाटावर गूळ चघळत बसला.

शेवटी म्हटले, "आपण देव पुन्हा विधिपूर्वक सोडू. मी स्वतः मंत्र म्हणतो. या वेळी 'पुन्हा या' वगळून."

"कुठं सोडता? डोह त तुमीच उपसला."

खरेच होते. पैनगंगेत देव बुडेल एवढे पाणी पाच कोसांत नाही.

निघताना ओसरीवर विमल धान्य पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, "मी दाबली होती ती डबी."

मग ती सूप आपटून आत गेली.

शुक्रवार, २० मे. पिंपळगाव राजा.

दीड दिवस दमणीत हाडे खिळखिळी करून पोचलो. भगवानराव तीस-बत्तिशीचे, सावकाश बोलणारे. त्यांची चार वर्षांची मुलगी त्यांच्या मांडीवर बसून माझ्या उपरण्याच्या दशा मोजत होती. तिच्या वेण्या त्यांनीच घातल्या असाव्यात. एक कानाच्या वर होती, एक खाली.

माझे म्हणणे त्यांनी शांतपणे ऐकले.

"तुमीच लिवलं की मालक येईन. आता तुमीच म्हन्ता येत नाही. यातलं कोनतं शास्त्र धरू, शास्त्रीबुवा?"

"दुसरे. पहिले शास्त्र नव्हते."

"मानूस वाईट नाही मी. ती बाई बी चांगली आहे, मी पाह्यलं तिले. पोरीनं ईचारलं त म्या सांगतलं होतं, तुही माय येनार म्हनून." ते मुलीच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. "पर उद्या तो दारात उभा राह्यला त मी त्याच्या तोंडाकडे कसा पाहू? सरकारचा कागद आना. जेठ सरेलोक मी थांबतो. त्याच्या पुढं घरचे नाही थांबू देनार."

आषाढ लागायला सहा आठवडे आहेत. परत येताना दमणीतच इंग्रजी अर्जाचा मजकूर जुळवला.

मंगळवार, २४ मे. बुलढाणा.

फौजेच्या कचेरीला अर्ज रजिस्टर केला. साप्ताहिकालाही गेल्या आठवड्यात खुलासा पाठवला होता: मागील लेखातील शेवटचे वाक्य विनोदाने लिहिले होते. आज संपादकांचे उत्तर आले की विनोदाचा खुलासा छापण्याची पद्धत नाही.

सोमवार, १३ जून.

उत्तर नाही. दुसरा अर्ज पाठवला. रोज पोस्टात जातो. पोस्टमास्तर मला पाहून आता आधीच मान हलवतात.

डोहाच्या वस्तूंची यादी पुरी केली, चारशे अकरा नोंदी. वरच्या थरातल्या नव्वद मी पूर्वी 'किरकोळ' म्हणून एका ओळीत उरकल्या होत्या. त्या आज एकेक करून लिहिल्या. वाळे, एक जोडी. वाळा, एक. राघू, लाकडी, चोच तुटलेली. सौ. शेजारी येऊन बसली आणि टिपकागद धरत राहिली.

गुरुवार, ७ जुलै.

परवा अमावास्येला ज्येष्ठ संपला. आज बाजारात पिंपळगावचा माणूस भेटला. भगवानरावांचा पाट कालच लागला, मोताळ्याकडची बाई आहे.

देवडोह भरला आहे म्हणतात.

शनिवार, १६ जुलै. देऊळघाट.

रुखमाबाईला म्हटले, आता पाणी आले आहे.

"आता काऊन सोडू? यायच्या मानसाचे देव आहेत ते." तिची तब्येत सुधारली आहे. मागच्या दोन वर्षांत ती एक वेळ जेवत असे, असे शेषराव सांगतात. आता दोन्ही वेळा जेवते. दारात बाज टाकून रस्त्याकडे तोंड करून बसते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी विचारते.

मंगळवार, २ ऑगस्ट. बुलढाणा.

कागद आला. कडूबा सप्टेंबर १९१७ मध्ये बसऱ्याच्या इस्पितळात पटकीने वारला. तसे पत्र तेव्हाच धाडले होते, पण ते देऊळघाटऐवजी देऊळगाव राजाला गेले आणि परत आले. त्या वर्षी पटकीचे बसऱ्याचे आकडेही आमच्या साप्ताहिकात आले होते. इंग्रजीतून भाषांतर मीच केले होते.

बुधवार, ३ ऑगस्ट. देऊळघाट.

गावाआधीच, डोहावरच्या शेतात, विमल तण निंदत होती. मला पाहून बांधावर आली. हात मातीने भरलेले. मी खिशातून लिफाफा काढला आणि तिने माझ्या तोंडाकडे पाहिले. मला वाटते तेवढ्यात तिचे वाचून झाले.

"उघडू नका."

"विमलबाई, तुम्हाला ऐकण्याचा हक्क आहे. पहिला तुमचाच."

"आत्ता वाचसान त मले रडू येईन. घरी गेल्यावर ते बुढीले दिसन."

"तिलाही सांगायलाच हवे."

"काऊन?" ती भांडत नव्हती. खरोखर विचारत होती. "पिंपळगावचं गेलं. आता सांगून मले काय भेटते? तिचं दोन टाइमाचं खानं जाईन, तेवढंच. मंग मीच बसीन तिच्या मुखात पानी घालत."

"मी दुसरे स्थळ पाहतो. शब्द देतो."

"तुमी नका पाहू, शास्त्रीबुवा."

मी पंचवीस वर्षे लोकांची थट्टा करत आलो आहे. इतक्या सौम्यपणे मला कोणी उत्तर दिले नव्हते.

तिने पदराला हात पुसले. "तिले सांगा, शोध चालू आहे असं लिवलं. दर सालाले एक कागद घेऊन येत जा. इंग्रजीचा असला म्हन्जे झालं, तिले कागद दिसला पायजे."

"आणि हा?"

"हा तुमच्यापाशी ठिवा. बुढी गेल्यावर मले वाचून दाखवजा. सावकाश. तवा मी रडीन."

घरी रुखमाबाईने मला पाटावर बसवले. मी लिफाफा उघडला, कागद उलगडून समोर धरला आणि मोठ्याने वाचले, की सरकार कडूबाचा शोध घेत आहे, मुलूख फार मोठा आहे, वेळ लागेल. इंग्रजीची ओळ बोटाने दाखवत वाचले. आयुष्यात इतके स्वच्छ वाचन मी केले नसेल. जिथे त्याच्या मृत्यूची तारीख होती तिथे माझे बोट होते तेव्हा मी म्हणालो, "प्रकृती बरी असावी."

रुखमाबाईने कागद मागून घेतला, कोनाड्यात देवांपुढे ठेवला, नमस्कार केला आणि मला परत दिला. मग सुनेला म्हणाली, "ऐकलं ना व? मी काय म्हनून राह्यली होती?"

"हाव, आत्या," विमल म्हणाली आणि माझ्यासाठी भाकर थापायला बसली.

रुखमाबाईने आग्रह करून दुसरी भाकर वाढली, म्हणाली, कडूबाच्या नावानं खा.

गुरुवार, ४ ऑगस्ट. बुलढाणा.

कागद माझ्या संस्कृत शब्दकोशात, दोन पानांच्या मध्ये ठेवला आहे. सौ.ला सगळे सांगितले. तिने विचारले, त्या म्हाताऱ्या बाईचे वय काय असेल.

म्हटले, पंचावन्नच्या आसपास. प्रकृती ठणठणीत आहे. काल मी निघालो तेव्हा नदीवरून डोक्यावर दोन घागरी एकावर एक घेऊन चढण चढत होती, आणि मागे येणाऱ्या विमलला म्हणत होती, चाल ना लवकर, घरी कोनी आलं असन.